दोर किती सैल सोडायचा

आमच्या बैठकीत भिंतीवर दोन फ्रेमा आहेत. एकीत समुद्रावर मोटरबोट चालवण्याच्या दुसऱ्या पायरीचं सर्टिफिकेट आहे, माझ्या नावाचं. दुसरीत वहीचं एक पान आहे, माझ्या हातचं, पेन्सिलीनं केलेलं भरती-ओहोटीचं गणित. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आमची मंडळी ते पान दाखवतात. "यांनी स्वतः मांडलंय हो, समुद्राचं गणित. शाळा पाचवीपर्यंतच." मी शेजारी बसून चहा पितो. त्या पानाबद्दलची खरी गोष्ट एकवीस वर्षांत मी घरात सांगितलेली नाही. झाशीच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी नोकरीबद्दल काही लिहा म्हणाले, तेव्हा ठरवलं की लिहायचं तर हेच.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. झाशीत समुद्र कुठला? नाही. झाशीत रेल्वे आहे. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचे कामगार होते आणि मीही तिथंच चिकटेन असं सगळ्यांना वाटत होतं. मला पुस्तकाचा कंटाळा आणि इंजिनाची आवड. सदर बाजारात एका गॅरेजवर लागलो. तिथून बेतव्यावरच्या धरणावर एका बोट क्लबाची दोन इंजिनं बिघडली म्हणून गेलो, ती दुरुस्त केली आणि तिथंच राहिलो. ओरछा गेटहून बस, बबीना ओलांडून पुढं, मग सायकल. तेवीस वर्षं बोट चालवली. पाण्यावर वारा कसा उतरतो, दगड कुठं आहे, हे मी पाण्याच्या रंगावरून सांगत असे. लोक मला उस्ताद म्हणत आणि मला ते आवडत असे.

मग क्लबानं ठरवलं की पुरात लोक काढणाऱ्या तुकड्यांना इथं शिकवायचं. त्यासाठी नियम निघाला: शिकवणाऱ्याकडं समुद्रावरची दुसरी पायरी पास केल्याचा कागद पाहिजे. कागद नसेल तर बाहेरून माणूस आणू, तुम्ही इंजिनं बघा, असं मॅनेजर साहेब म्हणाले. म्हणजे ज्या पाण्यावर मी तेवीस वर्षं काढली, तिथं दुसरा कुणी उस्ताद आणि मी त्याचा पाना धरणारा. एक्कावन्न वर्षांचा होतो. म्हटलं, जातो.

कोकणात एका खाडीच्या तोंडाशी ती शाळा होती. आठ दिवसांचा कोर्स. शिकवणारी रेवती मॅडम, कोळ्यांच्या घरची मुलगी, तिशीसुद्धा गाठली नव्हती. माझ्या जोडीला एकच शिकाऊ, पारकर नावाचा मालवणकडचा हॉटेलवाला, स्वतःची बोट असलेला, चाळिशीचा. मी 'मॅडमजी' म्हणालो तसे दोघं हसले. माझी मराठी ऐकून मॅडमनं विचारलं, "काका, तुम्ही मराठी आहात की हिंदी?"

म्हटलं, "मराठी. सात पिढ्यांपासून झाशीचे."

"मग समुद्र कधी बघितला?"

"आज सकाळी."

बाहेरच्या माणसाला वाटतं, बोट शिकणं म्हणजे स्टिअरिंग फिरवणं. ती झाली पहिली पायरी. बोट सुटायची, लागायची, पाण्यात पडलेला माणूस वाऱ्याच्या कुठल्या बाजूनं उचलायचा, लाल दोरी पायाला कशी अडकवायची, म्हणजे चालवणारा पडला तर इंजिन आपोआप बंद होतं. हे मला येत होतं, आणि पहिल्या दिवशी मी धक्क्याला बोट अशी लावली की पारकर बघत राहिला. दुसरी पायरी वेगळी. त्यात निघण्याआधी कागदावर सगळा प्रवास करायचा. कुठून कुठं, होकायंत्रावर कुठली दिशा, किती मिनिटं, तेल किती, पाणी किती खोल आणि ते किती वाजेपर्यंत खोल. मग त्या कागदाप्रमाणं बोट न्यायची.

मी म्हटलं, "मॅडमजी, मला पाणी बघून कळतं."

"इथलं पण?"

"पाणी पाणीच असतं."

तिनं वही मिटली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, काका, बोट तुम्ही बांधा. मी बांधली. पुढून एक दोर, मागून एक, खाटेच्या सुतळीसारखे ताणून, की बोट इंचभर हलणार नाही. धरणावर सैल दोर सोडणाऱ्याला मी शिव्या घालत असे. जेवलो, वर्गात बसलो, नकाशा बघितला. अडीच-तीन तासांनी बाहेर आलो तर बोट धक्क्याला टांगलेली. पाणी खाली निघून गेलं होतं आणि बोट नाकावर लटकली होती. मागचा लोखंडी खुंट उपटून दोराला झुलत होता, इंजिन मानेपर्यंत चिखलात.

पारकर म्हणाला, "काका, वाळत घातली काय?"

मी हसलो नाही. मॅडम आली, बघितलं आणि एवढंच विचारलं, "तुमचं धरण किती दिवसांत उतरतं?"

"होळीपासून उतरायला लागतं. पाऊस येईपर्यंत."

"हे सहा तासांत उतरतं. पुन्हा सहा तासांत चढतं. दोर तेवढा सैल ठेवावा लागतो."

पाणी परत चढल्यावर बोट सोडवली. इंजिन मी खोललं, गोड्या पाण्यानं धुतलं, खुंट नव्या बोल्टांवर बसवला. त्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण मनात समजलो होतो की मॅनेजर साहेबांचा तो बाहेरचा माणूस झाशीच्या गाडीत बसला आहे.

त्या दिवसापासून कागद धरला. इंग्रजी जमणार नाही म्हटलं, तर मॅडम म्हणाली, "मराठीत लिहा. आकडे बरोबर पाहिजेत." ती भरतीचं कोष्टक द्यायची, छोटं पुस्तक, प्रत्येक तारखेपुढं पाणी किती वाजता पूर्ण चढेल आणि पूर्ण उतरेल ते लिहिलेलं. मधल्या वेळेचं आपण काढायचं. पाणी सारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. मला ते पाठ होईना. मग वडिलांच्या वर्कशॉपचं फाटक आठवलं. भोंग्याआधी एखाद-दुसरा माणूस, मग रांग, मग लोंढा, मग पुन्हा तुरळक. पाणीसुद्धा मधल्या दोन तासांत लोंढ्यानं जातं. हे डोळ्यांपुढं आलं आणि गणित बसलं. पारकरच्या आधी माझं सुटायला लागलं. तो म्हणायचा, "काका, तुमचं फाटक माका पण दाखवा."

शेवटची परीक्षा अशी. सकाळी खाडीतून निघायचं, किनाऱ्यानं एका भूशिराला वळसा घालून पलीकडच्या बोयापर्यंत, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणेपर्यंत, जायचं आणि परत यायचं. अडचण एकच. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा होता. पाणी असलं की तो दिसतही नाही, उतरलं की बोट त्यावर बसते, आणि मागून लाट आली तर आडवी होते. आमच्या बोटीला इंजिन खाली असताना मीटरभर पाणी लागायचं. मॅडमचा नियम होता की हिशेबात दीड मीटर असल्याशिवाय दांडा ओलांडायचा नाही. म्हणजे परीक्षेचं मर्म हे, की दांडा किती वाजता बंद होतो आणि किती वाजता उघडतो ते आधी काढायचं आणि त्याप्रमाणं यायचं.

परीक्षा मंगळवारी होती. मी सोमवारी संध्याकाळी बसून पान लिहिलं. दोनदा ताडून बघितलं. मंगळवारी सकाळी वारा उठला, मॅडम म्हणाली, आज नाही, उद्या. मी पानावर मंगळवार खोडून बुधवार लिहिलं आणि पान खिशात ठेवलं.

वाचणाऱ्यांपैकी कुणी कोकणातले असतील तर त्यांना एव्हाना कळलं असेल. मला कळलं नाही. धरणावर काल सकाळी पट्टीवर जे पाणी असतं तेच आज असतं. तेवीस वर्षं मी कालचा आकडा आज वापरत आलो होतो आणि तो कधी चुकला नव्हता.

बुधवारी निघालो. चालवणारा मी, पारकर सोबत, मॅडम मागं गप्प बसलेली. खोली सांगणारं यंत्र तिनं फडक्यानं झाकून टाकलं होतं. जाणं छान झालं. दिशा जुळली, मिनिटं जुळली, बोया जिथं यायचा तिथं आला. परत येताना इंजिन धापा टाकायला लागलं. तेलाची जाळी कचऱ्यानं भरली होती. नांगर टाकला, जाळी काढली, साफ केली, लावली. अर्धा तास गेला. मॅडमनं घड्याळ बघितलं आणि काहीतरी टिपून घेतलं.

दांड्याशी आलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. माझ्या पानाप्रमाणं दांडा बारा दहाला बंद झाला होता.

समोर पाणी दिसत होतं. सपाट, हिरवं, एक फेसाची रेघ नाही. माझे डोळे सांगत होते की जा. पान सांगत होतं की नको.

पारकर म्हणाला, "काका, भरपूर पाणी आहे. चला."

"दहा मिनिटं उशीर झालाय."

"दहा मिनिटांत काय समुद्र आटतो?"

तेवढ्यात मागून मच्छीमारांची एक बोट आली, आमच्यापेक्षा मोठी. शेजारून गेली आणि सरळ दांड्यावरून आत. त्यातला एक म्हातारा ओरडून म्हणाला, "काय रे, इथं घर बांधताय काय?"

पारकरनं माझ्याकडं बघितलं. मी मॅडमकडं बघितलं. तिनं दुसरीकडं बघितलं. परीक्षेचा वेळ दोन वाजेपर्यंत होता. बाहेर थांबलो तर पाणी परत चढेपर्यंत संध्याकाळ होणार, म्हणजे वेळेत न आल्याबद्दल नापास. आत गेलो तर कदाचित पास. माझं उस्तादपण त्या दोनशे हातांच्या पाण्यापलीकडं होतं. पण मला धक्क्याला लटकलेली बोट आठवली. तेव्हाही डोळ्यांना सगळं ठीकच दिसलं होतं. मी बोट बाहेर वळवली आणि नांगर टाकला.

चार तास आम्ही डुलत बसलो. पारकरनं टोपी तोंडावर घेतली. मॅडमनं डब्यातल्या घावनाचा अर्धा मला दिला. 

पानाप्रमाणं दांडा चार वीसला उघडणार होता. चार पंधराला मी नांगर उचलला. सोबत पाव-पाव मीटरवर खुणा केलेला एक बांबू मी घेतला होता, धरणावरची सवय. सगळे त्याला हसले होते. दांड्याच्या बाहेरच्या कडेला हळू आलो आणि पारकरला म्हटलं, टोचून बघ. पानाप्रमाणं तिथं दीड मीटर पाहिजे होतं.

"काका, सव्वा पण नाही."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. मीटरच्या थोडं वर."

मी इंजिन मागं घेतलं. पुन्हा एका जागी बघितलं, तेच. मी पान काढलं. पुस्तक काढलं. बुधवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग मंगळवारच्या ओळीवर. माझ्या पानावर मंगळवारचं पाणी होतं. पाणी दररोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं उशिरा येतं, हे मला पाठ होतं, पारकरला मीच समजावलं होतं. आणि मी फक्त वार खोडला होता. म्हणजे दुपारी मच्छीमार गेले तेव्हा आम्हीही सुखानं जाऊ शकत होतो, अजून चाळीस मिनिटं दांडा उघडा होता. आणि आत्ता, बांबू नसता तर, मी पानावर भरवसा ठेवून भरधाव वाळूवर चढलो असतो. तेच चुकलेलं गणित दुपारी नुसतं वेळ खाऊन गेलं आणि संध्याकाळी बोट उलटवणार होतं.

क्षणभर मनात आलं की म्हणावं, जरा वारा बघतो, थोडं थांबू. कुणाला कळलं नसतं असं मला वाटलं. मग म्हणालो, "मॅडमजी, माझं गणित चुकलंय. ते कालच्या पाण्याचं आहे. आजचं काढलंच नाही."

पारकरनं बांबू वर काढला. "म्हणजे दुपारी आपण—"

"हो. जाऊ शकत होतो."

त्यानं फक्त बांबू निथळला. मला वाटतं माझ्या वयाकडं बघून.

मॅडम म्हणाली, "आता आजचं काढा."

गुडघ्यावर वही ठेवून काढलं. पाच दहा. पाच दहाला बांबूनं दीड दाखवलं आणि आम्ही आत आलो.

धक्क्यावर दोर बांधला, सैल ठेवून. मॅडमनं माझ्या कागदावर सही केली. मी म्हटलं, "पास कसा? वेळ गेला, गणित चुकलं."

"मला सकाळीच माहीत होतं काका. पान बघितलं होतं मी. तुम्ही तोंडानं म्हणालात म्हणून सही केली. अजून पाच मिनिटं गप्प राहिला असता तर मीच बोट थांबवली असती आणि तुम्हाला गाडीत बसवलं असतं."

झाशीला आलो. पिशवीत सर्टिफिकेट होतं आणि त्याला चिकटून ते पान. घरी मंडळींनी दोन्ही बाहेर काढलं. "अहो, हे काय?" म्हटलं, समुद्राचं गणित. एवढंच म्हटलं. त्यांना वाटलं, याच गणितावर पास झाले. मुलगा दोन्ही कागद सदर बाजारात घेऊन गेला आणि फ्रेम करून घेऊन आला. आता भिंतीवर खिळा ठोकून झाल्यावर सांगायचं म्हणजे, जाऊ द्या. म्हटलं, नंतर सांगू.

पुढं चौदा वर्षं मी शिकवलं. धरणावर भरती नाही, तरी मी सगळ्यांना आधी कागदावर प्रवास करायला लावायचो. दिशा, मिनिटं, तेल. तेलाचा नियम साधा आहे: एक हिस्सा जायला, एक यायला, एक हात न लावण्यासाठी. शिकणारे घरी आले की ते पान बघायचे. मी चूक कशी शोधायची ते शिकवलं, पण माझी चूक कधी दाखवली नाही. उस्ताद चुकत नाही, असं तुकड्यांमध्ये बोललं जायचं आणि मी ते बोलू दिलं.

त्यातला लखन यादव. पस्तिशीचा, पूर-तुकडीतला, दणकट, हुशार. मे महिन्यात कोर्स संपायला एक दिवस असताना त्याला बोट दिली, दोन साथीदार बरोबर, धरणाच्या पार टोकापर्यंत जाऊन यायचं. त्यानं कागद छान केला होता. तेलाचा आकडा रजिस्टरातून घेतला होता, आदल्या संध्याकाळचा. पण त्यानंतर कुणीतरी पाहुण्यांना एक फेरी मारून आणली होती. अर्ध्या वाटेत त्याला काट्यावर दिसलं की तेल कमी आहे. तो तसाच पुढं गेला. टोकाला वळला आणि इंजिन बंद पडलं. पश्चिमेचा वारा सुटला होता. वाऱ्यानं बोट बुडालेल्या झाडांच्या खोडांमध्ये नेली. एका साथीदारानं खोड ढकलायला हात घातला आणि बोट आणि खोड यांच्यात हात सापडून मोडला. गमछा हलवताना दिसले तेव्हा मी दुसरी बोट घेऊन गेलो.

काठावर आल्यावर मी लखनला विचारलं, "काटा दिसला तेव्हा परत का नाही फिरलास? रेडिओ होता. सांगितलं का नाही?"

तो खाली बघत म्हणाला, "उस्तादजी, आपके सामने कैसे कहते? आप तो कभी चूके नहीं।"

कालचा आकडा आज वापरला. माझीच चूक, जशीच्या तशी. फरक इतकाच की मॅडमनं मागं गप्प बसून मला माझी चूक तोंडानं सांगायची संधी दिली होती आणि मी लखनला ती दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ग होता. दहा माणसं समोर, लखन मागच्या बाकावर. हात मोडलेल्याची जागा रिकामी. त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. मी खडू घेतला आणि तेलाचे तीन हिस्से पुन्हा फळ्यावर मांडले. नीट, स्वच्छ मांडले. मग फळा पुसला.

हात जुळला, थोडा वाकडा. लखननं शिकणं सोडलं नाही. दोन वर्षांनी तोही समुद्रावर जाऊन कागद घेऊन आला आणि मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी तोच आला. दर दिवाळीला पेढ्यांचा डबा घेऊन येतो, पाया पडतो, मग भिंतीपाशी जातो. "इसी से सीखे हैं हम लोग," म्हणतो. त्याला आकडे वाचता येतात, पण आकडे बघून चूक कळत नाही. त्यासाठी त्या वर्षाचं भरतीचं पुस्तक लागतं. ते माझ्या लोखंडी पेटीत, पान्यांच्या खाली आहे.

ते मी काल काढलं. मंगळवार आणि बुधवार, दोन्ही ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि फ्रेमेच्या खालच्या फळीवर ठेवलं. मंडळींनी विचारलं, हे इथं कशाला? म्हटलं, अंक आला की वाचा.

घरच्यांचं तेवढ्यावर भागेल. पण लखनला मराठी वाचता येत नाही. त्याला मला तोंडानंच सांगावं लागेल.